दवाखान्यात स्वतः उठायच्या, घरी दोघं लागतात: अर्धांगवायूनंतर घरात आधी काय बदलावं?

कृष्णाकाठ, सांगली

सासूबाई ६४ वर्षांच्या. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकून पक्षाघात झाला, त्याला अडीच महिने झाले. डावा हात जवळपास निकामी, डावा पाय भार घेण्याइतका चालतो. डावीकडचं भान कमी आहे: ताटाची डावी बाजू, म्हणजे चटणी-कोशिंबीर, तशीच राहते आणि डावा खांदा चौकटीवर आपटतो.

पुनर्वसन विभागातून सोडताना बार्थेल, म्हणजे रोजची कामं स्वतः किती करता येतात याचा गुण, शंभरपैकी ७५ होता. पलंगावरून स्वतः उठायच्या, शेजारी एक जण असला की चौपायी काठीवर ५० मीटर चालायच्या, संडासला एकट्या जायच्या. घरी येऊन बारा दिवस झाले. आता उठवायला दोघं लागतात, संडासला धरून न्यावं लागतं, अंघोळ आम्हीच घालतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नवीन झटका नाही, पायाची ताकद तेवढीच आहे.

घर गावभागात, जुनं. मापं अशी: जोतं २७ इंच, चार पायऱ्या, कठडा नाही. मधल्या दाराचा उंबरा ३ इंच. पलंग कापसाच्या गादीसकट १४ इंच. न्हाणीघर ५ बाय ४ फूट, शहाबादी फरशी, दार २४ इंची आणि आत उघडणारं. संडास शेजारी, भारतीय बैठकीचा, फरशीच्या सपाटीला. या दोन्हींच्या भिंती साडेचार इंची, विटा-सिमेंटच्या. बाकी घराच्या जाड, मातीतल्या. ओटा ३३ इंच.

ठेकेदार म्हणतो पुढे उतरण बांधा, सगळी फरशी बदला, इंग्रजी कमोड बसवा. एवढं सगळं एकदम होणार नाही. आधी काय करावं?


व्यवसायोपचार, सातारा

ताई, ताकद तीच आणि काम बंद पडलं असेल तर कारण आधी मापांत शोधा. बार्थेलचा आकडा एकट्या माणसाचा नसतो, माणूस आणि जागा या जोडीचा असतो. दवाखान्यात पलंग १८-२० इंच होता, गादी टणक होती, फरशी सपाट होती, कमोडशेजारी धरायला आधाराचा बार होता. घरी पलंग १४ इंच, त्यात कापसाची गादी बसल्यावर दोनेक इंच दबते. म्हणजे आई १२ इंचांवरून उठायला बघतायत. कंबर गुडघ्याच्या खाली गेली की उठताना मांडीला लागणारी ताकद एकदम वाढते, आणि इथे ती एकाच पायात आहे. हा आळस नाही की हट्ट नाही.

म्हणून पहिलं काम पलंग. आईंना खुर्चीवर बसवा, घरात घालतात ती चप्पल घाला आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा. ५ फूट उंचीच्या बाईला ते साधारण १५-१६ इंच भरतं. त्यात दीड-दोन इंच मिळवा. गादीवर माणूस बसलेला असताना कडेची उंची तेवढी यायला हवी, रिकाम्या गादीची नव्हे. फार उंच केलं तर टाचा टेकत नाहीत आणि त्या पुढे घसरतात, म्हणून पाऊल पूर्ण टेकलंय हे बघूनच थांबा. पलंगाखाली विटा ठेवू नका, पाय निसटतो. सुताराकडून ४ इंची ठोकळे करून घ्या आणि पलंगाचा पाय बसेल अशी दीड इंच खोल खाच मारून घ्या. दीड इंच खाचेत जाणार, मिळणार अडीच इंच, हा हिशेब आधीच सांगा. कापसाची गादी काढून टणक कॉयरची घाला. खुर्चीलाही हेच माप, आणि हात असलेली खुर्चीच. मऊ सोफ्यावर बसवू नका.

पलंग असा ठेवा की उतरताना उजवी बाजू मोकळी राहील. खुर्ची किंवा कमोड चांगल्या बाजूला असला की त्यावर सरकणं सोपं जातं. परत येताना तेच उलटं होतं, हे बहुतेक घरांत विसरतात. जाताना उजवीकडे असलेली वस्तू येताना डावीकडे असते. बार, कठडा, नळ, सगळ्यांना हे लागू आहे. दोन्ही वेळा विचार करून जागा ठरवा.

डावीकडच्या भानाचं वेगळं आहे. जिवाशी संबंध असलेल्या वस्तू, म्हणजे घंटी, पाणी, चष्मा, काठी, उजवीकडे ठेवा. बाकी गोष्टी मुद्दाम डावीकडे आणा. गप्पा मारायला डावीकडे बसा, टीव्ही थोडा डावीकडे सरकवा. त्यांच्या डाव्या हाताला येणाऱ्या चौकटीच्या कडेला दोन इंची लाल पट्टी डोळ्याच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत लावा. दार दोन्ही दिशांनी ओलांडतात, म्हणून दोन्ही तोंडांना लावा. ताटाच्या डाव्या काठालाही लाल पट्टी. जेवायला बसल्या की पहिला प्रश्न, "लाल पट्टी कुठंय?" ती सापडली की मगच पहिला घास. ताट फिरवून देऊ नका. ताट फिरवल्याने जेवण संपतं, पण नजर डावीकडे वळायला शिकत नाही.

आता तुम्हाला जड जाईल अशी गोष्ट. लॉटन आणि नाहेमोव या वृद्धत्वाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडलं की जागेची मागणी कुवतीपेक्षा फार वाढली की माणूस हरतो, आणि फारच कमी झाली तरी असलेली कुवत वापरात राहत नाही. तुमच्या घरात दोन्ही एकदम चाललंय. पलंग आणि संडास फार मागतात, म्हणून त्या हरतात. मग घरातले सगळंच करून देतात, म्हणून जे येत होतं तेही सुटतं. वेणी, दात, ब्लाउजची बटणं, पाण्याचा तांब्या ही कामं पहिल्या दिवसापासून त्यांचीच ठेवा.

मदतीची एक उतरंड पाळा. काम सांगायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. झालं नाही तर शब्दाने आठवण, मग बोटाने खूण, मग हाताला नुसता स्पर्श, आणि सगळ्यात शेवटी उचलणं. शेजारीपाजारी म्हणणार, सून नुसती बघत उभी राहते. म्हणू द्या. तुम्ही तिथे उभ्या आहात त्या पडू नयेत म्हणून. तोच उपचार आहे. घरात जो जो त्यांच्याजवळ असतो त्या सगळ्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर तुम्ही दहा मोजेपर्यंत दुसरं कोणीतरी उचलून मोकळं होतं.

आणि सराव त्याच जागी, त्याच वेळी. पक्षाघातानंतर शिकलेलं एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. दुपारी अंगणात दहा वेळा उठबस केली म्हणून पहाटे पाचला अंधारात संडासची उठबस येईलच असं नाही. पहाटेची उठबस पहाटेच शिकवावी लागते.


गवंडीकाम, कराड

फरशी सगळी बदलू नका. मला यातलं एवढंच सगळ्यात आधी सांगायचंय. गुळगुळीत टाइल घातली तर आहे त्यापेक्षा वाईट होईल. शहाबादी घसरते ती शेवाळ आणि साबणाच्या थराने. ब्लीचिंग पावडरने घासा, मग बसायच्या आणि पाय ठेवायच्या जागेत, साधारण ३ बाय ३ फुटांत, छिन्नीने बारीक टाचे मारून घ्या. उतार मोरीच्या तोंडाकडे फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुरतो. त्यापेक्षा जास्त असला तर स्टूल कलतं.

आधाराचे बार: स्टेनलेस ३०४, जाडी ३२ ते ३८ मिमी. भिंत आणि बारमध्ये ४० मिमीच मोकळं ठेवा. जास्त ठेवलं तर तोल जाताना मनगट आत घुसून अडकतं. टॉवेलचा रॉड बार म्हणून चालत नाही. व्हॅक्यूमने चिकटणारे तर अजिबात नकोत, ओल्या टाइलवर ते कधी सुटतील ते कळतही नाही. साडेचार इंची भिंतीत प्लास्टिकचा गुल्ला घालून स्क्रू मारला तर खाली दाबताना टिकतो, बाहेर ओढला की निघतो. घसरणारा माणूस बाहेरच ओढतो. म्हणून आरपार बोल्ट मारा. प्लास्टर धरून भिंत साडेपाच-सहा इंच भरेल, १० मिमीचा ७ ते ८ इंची थ्रेड रॉड घ्या, पलीकडून ४ बाय ४ इंचाची ५ मिमी प्लेट, वायसर, डबल नट. टाइल असेल तर आधी ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइल बिटने भोक पाडा, वीट लागली की हॅमर चालू. भोक विटेत पाडा, दोन विटांच्या सांध्यात नको.

मातीतल्या जाड भिंतीत बार बसवू नका. वरून प्लास्टर चांगलं दिसतं, आत माती भुसभुशीत असते. तिथे दीड इंची जीआय पाइपचा खांब जमिनीत फूटभर गाडून काँक्रीट करा आणि आडवा दांडा त्याला वेल्ड करून घ्या.

झालं की आधी दोन धडधाकट माणसांनी पाय उचलून बारला लटकायचं, मग भिंतीला पाय लावून बाहेर ओढायचं. काही हललं, कुरकुरलं तर परत काढा.

दार: बिजागऱ्या बदलून बाहेर उघडा. पाच बाय चारच्या न्हाणीघरात माणूस पडला तर अंगच दाराला अडतं आणि आत जाता येत नाही. आतली कडी काढा, बाहेरून नाण्याने फिरवता येतं तसलं लॅच लावा. २४ इंचांत चौपायी काठी जाते, त्यामुळे चौकट फोडायचं कारण नाही.

कमोड: भांडं फरशीच्या सपाटीला आहे ना, मग आत्ता तोडफोड नको. चार पायांची कमोड खुर्ची भांड्यावर ठेवा. पायांतलं आतलं अंतर भांड्याच्या पायठशांपेक्षा जास्त हवं, नाहीतर एक पाय पायठशावर चढून खुर्ची डुगडुगते. उंची पलंगाएवढीच. पुढे इंग्रजी कमोड बसवायचाच झाला तर नुसता आणून ठेवू नका, तो १५-१६ इंचच असतो. खाली दोन इंचांचा चौथरा लागेल, आणि तो चौथरा कमोडच्या बुडाएवढाच ठेवा. पुढे आला तर पाय त्याच्यावरच टेकतात आणि मिळवलेली उंची गेली.

उतरण: २७ इंचांना एकास बारा धरली तर २७ फूट, शिवाय वर-खाली आणि वळणावर ५ फूट सपाटी. गावभागातल्या घरापुढे एवढी जागा असते का? उभी बांधली तर व्हीलचेअर ढकलणाराच घसरतो. शिवाय आई चालतायत. कमजोर पावलाला उतारावरून खाली येणं पायरीपेक्षा अवघड जातं. त्यापेक्षा पायऱ्या नव्या करा: २७ इंचांचे सहा टप्पे, प्रत्येकी साडेचार इंच, पाय ठेवायला १२ इंच. सगळे टप्पे सारखेच हवेत. एक जरी पाच इंची झाला तरी पाय तिथेच अडखळतो. कठडा दोन्ही बाजूंनी, ३४ इंच, शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा.

उंबऱ्याला फळीची उतरण केली तर तीन इंचांना दोन्हीकडे तीन-तीन फूट जाईल आणि तीच पायात येईल. उंबरा पुजायचा असतो, तो फोडायला घरातले तयार होत नाहीत, आणि फोडायची गरजही नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना १८ इंची उभे हँडल, जमिनीपासून ३० इंचांवर सुरुवात. उंबऱ्याच्या वरच्या कडेला पिवळा रंग. हळद-कुंकवाची जागा मध्ये राहते.


फिजिओ, मिरज

वरचं सगळं बरोबर. चार गोष्टी मात्र राहिल्या.

डाव्या हाताला किंवा काखेत धरून उठवू नका. तिथले स्नायू ढिले असतात, खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि मग दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, किंचित मागे. उठण्याआधी ढुंगण पलंगाच्या कडेपर्यंत पुढे, दोन्ही टाचा गुडघ्याच्या मागे, मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं आणि तेव्हाच उठायचं. सरळ बसून वर ओढलं की दोघं लागणारच.

काठी उजव्या हातात, उंची मनगटाच्या घडीपर्यंत, हात सैल सोडून चप्पल घालून मोजायची. खालची रबरी बुटं गुळगुळीत झाली की लगेच बदला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. मागे पट्टा असलेली चप्पल. अंगठ्याची स्लिपर डाव्या पायातून निसटते आणि त्यांना कळत नाही. नऊवारी असो की सहावारी, घोट्याच्या वर. गाऊन सोपा, पण नेसायची इच्छा असेल तर परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक घाला आणि निऱ्या आधीच टाचून शिवून ठेवा. कपडा चढवताना डावा हात आधी, काढताना शेवटी.

अंघोळीचं पाणी. सोलरचं पाणी उन्हाळ्यात हात भाजेल इतकं तापतं. आजारी बाजूला चटका कळत नाही. बादलीत गार पाणी आधी, मग गरम, आणि तपासायचं उजव्या हातानेच. बादली १२-१५ इंच उंच स्टूलवर, त्यांच्या उजवीकडे. बसायला रबरी बुटांचं अंघोळीचं स्टूल घ्या. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. साबण जाळीच्या पिशवीत घालून दोरीने बादलीच्या कडीला. अंगाला तेल न्हाणीघरात लावू नका, पलंगावर लावा.

संडासच्या पाण्याचा जेट उजवीकडे. डावा हात गेल्यामुळे धुवायचं काम उजव्या हातावर आलंय, आणि जेवायचा हातही तोच. या वयाच्या बाईला याची किती लाज वाटते हे तोंडाने सांगितलं जात नाही. मग पाणी कमी प्यायलं जातं, संडासला जायचं टाळलं जातं, बद्धकोष्ठ होतो. जेटचा दाब बेताचा ठेवा, साबण आणि बेसिन उजव्या हाताच्या टप्प्यात ठेवा, आणि हे काम त्यांचं त्यांना करू द्या.


कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. पलंग, कमोड खुर्ची, बार आणि दार एवढं आधी करतोय, पायऱ्या दिवाळीनंतर. दोन प्रश्न राहिले. आईंना स्वयंपाकघरात यायचंय, भाकरी करू का म्हणून रोज विचारतात. पाच मिनिटांवर उभं राहवत नाही. ओटा खाली घ्यावा का? आणि पावसाळ्यात पाणी आलं तर काय?


व्यवसायोपचार, सातारा

ओटा फोडू नका. २८ इंच उंचीचं टेबल आणि हाताची खुर्ची द्या, गुडघे आत गेले पाहिजेत. तयारीचं काम बसून, गॅसजवळचं काम उभ्याने आणि थोडा वेळच. शेगडी खाली आणायचा मोह टाळा. ती सिलिंडरपेक्षा उंचावरच हवी. बसून शिजवायचंच असेल तर टेबलावर इंडक्शन बरं, टायमरने आपोआप बंद होतं. गॅस असेल तर उजवीच शेगडी वापरायची, डावी पेटलेली राहिली तर लक्षात येणार नाही.

सुरुवात मेथी निवडण्यापासून करा. जुडी डावीकडे, निवडलेल्या पानांचं ताट उजवीकडे. प्रत्येक काडीला मान डावीकडे वळते. एका जुडीत शंभर वेळा तरी वळेल, तेवढा व्यायाम कोणी सांगून करत नाही. डावा हात टेबलावर, जुडीच्या देठांवर वजनासारखा ठेवायचा. तो लटकत राहिला नाही पाहिजे. मग शेंगा सोलणं, लसूण. चिरायला विळी नको. लाकडी पाटाला खालून दोन इंची स्टीलचे दोन खिळे वर काढून घ्या, कांदा-बटाटा त्यात खोचायचा आणि उजव्या हाताने चिरायचा. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. काम झालं की खिळ्यांवर बुचं.

भाकरीला परातीखालीही ओलं फडकं. पीठ एका हाताने मळता येतं आणि थापताही येतं. अडतं ते उचलून तव्यावर टाकताना, तिथे दोन तळवे लागतात. म्हणून पहिले काही आठवडे थालीपीठ. थंड तव्यावरच थापायचं, भोक पाडायचं, तेल सोडायचं, तवा दुसऱ्याने गॅसवर ठेवायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत ते त्यांनी केलेलं असतं. भाकरी मग जोडीने: मळणं-थापणं त्यांचं, टाकणं तुमचं, पाणी फिरवणं परत त्यांचं. पाणी लावताना बोट भाजेल म्हणून ओल्या फडक्याने लावा.


गवंडीकाम, कराड

पाण्याचं सांगतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. तुमच्या गल्लीत कितीला पाणी येतं ते घरातल्यांना पाठ असेलच, २०१९ आणि २०२१ नंतर तर नक्की. आईंना त्याच्या चार-पाच फूट आधी हलवा. धडधाकट माणसं शेवटच्या तासाला निघतात, तसं इथे चालत नाही. गुडघाभर पाण्यात चौपायी काठी टेकवता येत नाही, आणि बोटीत चढवणं फार अवघड. आताच्या कामात प्लायवुड कुठेही वापरू नका, फुगून जाईल. ठोकळे सागाचे किंवा बाभळीचे. बार आणि जीआयचे खांब पुरातही टिकतात, पण पाणी उतरल्यावर गाळ पूर्ण धुऊन, नट पुन्हा आवळून मगच वापर.


व्यवसायोपचार, सातारा

पुराच्या दिवसांत ज्या नातेवाइकांकडे जाणार ते घर आत्ताच बघून ठेवा. बरोबर न्यायचं: कमोड खुर्ची, काठी, कमरेचा पट्टा, ठोकळे, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. लाल पट्टीचं रीळही घ्या, तिथल्या चौकटीला लावायला. आणि तिथल्या पलंगाची उंची आधीच मोजून घ्या, म्हणजे ठोकळे किती इंची लागतील ते निघायच्या दिवशी बघत बसायला नको.